शुक्रवारी रात्री आम्ही काय बोलतो

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा भांडी पुसता पुसता तू विचारलंस, "तुम्ही सगळ्या दर शुक्रवारी जमता, उशिरापर्यंत बोलत बसता, आणि सगळं बोलणं भाजीचं, विरजणाचं, नाहीतर कुणाच्या तरी सासूच्या गुडघ्यांचं. महत्त्वाचं काही बोलतच नाही. मग नागपूरच्या मावशीची नोकरी गेली, हे तुला कळलं कसं?" तेव्हा मी "नंतर सांगते" म्हटलं. बोलायला बसलं की मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि विषय राहून जातो, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर विचार.

आधी नागपूरच्या मावशीचं. नागपूरची, कोल्हापूरची, सोलापूरची म्हणतो खरं, पण या सगळ्या मावश्या आता आपल्यासारख्या इथे जर्मनीतच राहतात. त्या शुक्रवारी नोकरीचा विषय कुणीच काढला नव्हता, हे तुझं खरं आहे. पण तिच्या बोलण्यात तीन गोष्टी येऊन गेल्या. पोळ्या आता ती घरीच लाटते, तयार पाकिटं आणत नाही. मुलीचा पोहण्याचा क्लास "सध्या थांबवलाय". आणि भाजी ती शनिवारी संध्याकाळी आणते, दुकान बंद व्हायच्या सुमाराला, तेव्हा स्वस्त मिळते म्हणून. एकेक गोष्ट घेतली तर त्यात काहीच नाही. पण हीच मावशी महिन्याभरापूर्वी "मला पोळ्या लाटायला वेळ कुठे आहे गं" म्हणत होती. कोल्हापूरच्या मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिथे आम्ही दोघी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करून फक्त एवढंच विचारलं, "चहाला येऊ का?" बाकीचं तिने आपणहून सांगितलं.

म्हणजे भाजीचं बोलणं हे नुसतं भाजीचं नसतं. आपल्याकडे कुणाला "कशी आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "मजेत". ताप असो, भांडण असो, तरी मजेत. चार माणसांत आपलं दुःख मांडायचं नाही, असंच आम्हाला घरून शिकवलं गेलं. त्यामुळे ज्याला खरंच जाणून घ्यायचं असतं, तो "आज काय केलं होतंस जेवायला?" असं विचारतो. "साग्रसंगीत केलं होतं" म्हणाली तर पाहुणे आले असतील किंवा मन खुशीत असेल. "काही नाही गं, खिचडी टाकली" म्हणाली तर दमली असेल. आणि "भूकच नव्हती" म्हणाली तर फोन ठेवायचा नाही. ही विचारपूस मला माझ्या आईकडून आली, तिला तिच्या आईकडून. घरचं बारीकसारीक माहीत असलं की माणूस न सांगताही कळतो.

ही सवय फार जुनी आहे. तुझ्या पणजीच्या लहानपणी घरोघरी जातं होतं. पहाटे अंधारात दोन बायका समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघी मिळून फिरवत आणि दळता दळता ओव्या म्हणत. त्या ओव्यांत भाऊ येतो, सासर येतं, लेकरू येतं, पंढरीचा विठोबा येतो. दिवसभर ज्या गोष्टी तोंडावर बोलायची सोय नव्हती, त्या जात्यापाशी बोलल्या जात, आणि समोरची बाई पुढची ओवी म्हणून त्याला उत्तर देई. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, दळणाचे कष्ट गेले आणि ती बैठकही गेली. कष्ट गेले ते चांगलंच झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. काही ओव्या त्या बायकांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. आपण एकदा मिळून ऐकू.

मग आठवड्याचा बाजार. मोठ्या गावात ठरलेल्या वारी बाजार भरायचा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं तिथे यायची. मीठ-मिरची घ्यायला जायचं खरं, पण सासरी असलेल्या बाईला माहेरच्या गावचं माणूस तिथेच भेटायचं. म्हैस व्यायली का, आईचा खोकला थांबला का, घर शाकारून झालं का, असे निरोप बाजारातूनच इकडून तिकडे जात. आमचा हा शुक्रवार यायच्या आधी आपल्याकडचा आठवडा बाजाराच्या वाराशी बांधलेला होता.

रविवारची सुट्टी मात्र मागून घ्यावी लागली, हे तुला माहीत असायला हवं. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागणी पुढे आणली. गिरणी मालकांनी ती मान्य करायला १८९० उजाडलं. खंडोबाचा वारही रविवारच. मला याचं फार अप्रूप वाटतं. सुट्टी मिळाली तेव्हा त्या माणसांनी काय केलं असेल? कपडे धुतले असतील, देवाला गेले असतील आणि चाळीच्या गॅलरीत बसून बोलले असतील. चाळीतली खोली एवढीशी, पण सगळ्या खोल्यांची दारं एकाच लांब गॅलरीत उघडणारी. नळावर पाणी कधी येतं, गावाहून पत्र आलं का, पोराची मुंज की बारसं, सगळं त्या गॅलरीत. बोलायला मुद्दाम कुणाकडे जावंच लागत नसे.

तुझ्या बाबांच्या घरी तर आठवडा गुरुवारी संपायचा. आजोबा पिंपरीच्या कारखान्यात होते आणि पुण्याकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. बाबांची शाळा रविवारी बंद. त्यामुळे बाप-लेकाची सुट्टी क्वचितच एका दिवशी यायची. पण बुधवारी रात्री आजोबांचे मित्र यायचे, लुंगी-बनियनवर अंगणात खुर्च्या टाकून बसायचे, आणि बाबा अभ्यासाचं निमित्त करून खिडकीशी बसून ऐकायचे. बाबा सांगतात, ती माणसं कारखान्याबद्दल फार कमी बोलायची. टाकी गळते, पत्रे बदलायचेत, धाकटीचं लग्न जमत नाही, हेच. बायकाच घरचं बोलतात असं जे तुला वाटतं, ते तितकंसं खरं नाही.

आता इथलं. स्टुटगार्टमध्ये आपण नवे होतो तेव्हा मला वाटायचं की इथे कुणी कुणाशी घरचं बोलतच नाही. पण केरवोखंची, म्हणजे आळीपाळीने येणाऱ्या झाडलोटीच्या आठवड्याची, पाटी आपल्या दारावर लागली, जिना झाडायची पाळी आली, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या शेजारी झाडू घेऊन उभ्या राहिल्या. नातवाला कोणती ॲलर्जी आहे इथपासून भिंतीला बुरशी येऊ नये म्हणून हिवाळ्यात खिडक्या कशा उघडायच्या इथपर्यंत सगळं त्यांनी त्या जिन्यातच मला सांगितलं. इथली रीत वेगळी आहे, बोलायची वेळ आणि जागा वेगळी आहे. तुझ्या मैत्रिणीची, मियाची आई मैत्रिणींना भेटायला तारीख ठरवते, याचा अर्थ तिला माया कमी आहे असा नाही.

आम्हाला मात्र इथे ना गॅलरी, ना अंगण, ना बाजाराचा वार. म्हणून शुक्रवार. तो नसता तर कामाची गोष्टसुद्धा कळली नसती. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. मला वाटायचं माझा हातच बिघडला. सोलापूरच्या मावशीने सांगितलं, पीठ उकळत्या पाण्यात भिजव, झाकून ठेव, मग मळ. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत विरजण ठेवायचं, हेही तिचंच. इथे आल्यावर अशा गोष्टी सांगायला आई शेजारच्या खोलीत नसते, आणि प्रत्येक वेळी भारतात फोन लावायचा तर तिकडे मध्यरात्र झालेली असते.

एक गोष्ट मला आमच्या गप्पांत आवडत नाही, ती तुझ्यापासून लपवत नाही. मुलांचे मार्क. कुणाला कुठे प्रवेश मिळाला, कुणाचं जर्मन किती चांगलं, हे सुरू झालं की मी चहा टाकायला उठते. मुलं आतल्या खोलीत असतात आणि त्यांना सगळं ऐकू येतं. जी बाई त्या दिवशी आलेली नाही तिच्या घरचंही बोलायचं नाही, असं मला ठामपणे वाटतं. विचारपूस समोरच्या माणसाची करावी, पाठीमागे केली की तिची चहाडी होते. कोल्हापूरच्या मावशीला हे पटतं, बाकीच्यांना अर्धंच पटतं. वाद चालू आहे.

आणखी एक. भाजीच्या आडून विचारायची आमची ही पद्धत तू शिकावीस असं मला वाटतं, पण स्वतःचं सांगताना तू तिचा आडोसा घेऊ नकोस. तुला काही त्रास असेल, शाळेत कुणी छळत असेल, रडू येत असेल, तर सरळ येऊन सांग. मी जेवणावरून ओळखेन याची वाट पाहू नकोस. कधीकधी मलाही ओळखू येणार नाही. नागपूरच्या मावशीने ते ओझं कितीतरी दिवस एकटीने वाहिलं, आणि ती आधी बोलली असती तर बरं झालं असतं, असं तिचं तिलाच वाटतं. तिच्यासाठी आम्ही आता जागा शोधतो आहोत. बाबांनी दोन ठिकाणी विचारलंय. ही गोष्ट तू मियालासुद्धा सांगायची नाहीस.

येत्या शुक्रवारी सगळ्या आपल्याकडेच आहेत. तुला वाटलं तर थोडा वेळ आमच्यात येऊन बस. सोलापूरची मावशी तुला हमखास विचारणार, शाळेत डब्यात काय नेलं होतंस. "काही नाही" म्हणून आत पळू नकोस. काय नेलं, किती खाल्लं, कुणाला दिलं, ते नीट सांग, आणि मग तिला विचार, आज तिच्याकडे काय केलं होतं.

तुझी,
आई