उत्तराखंडात खरं लोकनृत्य कुठे आणि कधी बघायला मिळेल?

हॉटेलातला 'कल्चरल प्रोग्रॅम' नको, असं तुम्ही लिहिलंय म्हणून उत्तर देतोय. नोकरीमुळे मी तीन वर्षं अल्मोड्यात होतो. त्यामुळे कुमाऊंचंच, म्हणजे राज्याच्या पूर्वेकडच्या भागाचंच जास्त सांगेन; पश्चिमेकडच्या गढवालात मी पाहुण्यासारखाच गेलोय.

तिथे नाचणाऱ्यांच्या मागे धावू नका, वाजवणारे कुठे आहेत ते शोधा. छोलियाचंच बघा. तलवार-ढालीचा हा नाच वरातीपुढे चालतो. परंपरेने संच २२ जणांचा, त्यात नाचणारे ८ आणि वाजवणारे १४! ढोल, दमाऊ (छोटा नगारा), तुरही आणि रणसिंगा ही फुंकायची वाद्यं, आणि मशकबीन. मशकबीन म्हणजे आपला बॅगपाइप. इंग्रजांच्या पलटणीतून डोंगरात आला तो तिथलाच होऊन गेला. ढोलाने चाल बदलली की लुटुपुटूची लढाई बदलते. एकमेकांना डोळे वटारून चिडवणं तर बघत राहावं असं. पाहायचं असेल तर लग्नसराईत जा. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे वरातीही नाहीत.

पावसाळ्यातच जाणार असाल तर अल्मोड्याजवळच्या सोमेश्वरच्या खोऱ्यात भातलावणीच्या वेळी चौकशी करा. बांधावर किंवा सरळ चिखलात उभा राहून एक जण हुडका वाजवत वीरगाथा गातो. हुडका म्हणजे डमरूचा थोरला भाऊ. लावणी करणाऱ्या बाया ओळ उचलतात आणि त्या ठेक्यावर हात चालतात. याला 'हुडकिया बौल' म्हणतात. हल्ली हे कमी झालंय, त्यामुळे नेमकं दिसेलच असं नाही.

आणि जागर. हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. खंडोबाचं जागरण पाहिलेल्याला अर्धं तर आधीच कळतं: रात्र, कथा, वाद्य, अंगात येणं. गाणारा तो जगरिया, ज्याच्या अंगात देव येतो तो डंगरिया. शेजारी एक जण काशाची थाळी काठ्यांनी वाजवत असतो, आणि बंद खोलीत तिचा आवाज अक्षरशः दातांत घुमतो. गोलू, गंगनाथ हे तिथले देव. गोलू न्यायाचा देव. अल्मोड्याजवळ चितईला त्याच्या देवळात लोक स्टॅम्प पेपरवर तक्रार लिहून टांगतात. घरचा जागर हा घरच्यांच्या दुखण्याचा मामला असतो. बोलावलं तरच जा, आणि मोबाइल बाहेर काढू नका. मी एकदा काढला होता. घरातल्या आजीने काही न बोलता तो उचलून तांदळाच्या डब्यावर ठेवला, सकाळी परत दिला.

गढवालात ढोल-दमाऊ वाजवणाऱ्यांना औजी किंवा बाजगी म्हणतात. हे बहुतेक दलित समाजातले. त्यांच्या ढोलाशिवाय गावचा देव उठत नाही, पण जेवायला ते वेगळे बसलेले मी पाहिलेत. कौतुक करताना हेही डोळ्यांसमोर असू द्या.

एप्रिलच्या शेवटाला मोकळे असाल तर चमोली जिल्ह्यातलं सलूड-डुंग्रा गाव गाठा. तिथला भूमियाळ देवाचा 'रम्माण' २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे: मुखवटे, रामायण, ढोल, सगळं देवळाच्या अंगणात. तारीख बैसाखीनंतर गावच ठरवतं, तेव्हा निघण्याआधी जोशीमठात विचारून घ्या. आणि कुमाऊंच्या एखाद्या जत्रेत झोड्याच्या, म्हणजे हात धरून गोलात नाचायच्या नाचाच्या रिंगणात कुणी ओढलं तर आढेवेढे घेऊ नका. पावलं सोपी आहेत, पण सुरुवातीला सावकाश वाटणारा ठेका पुढे दम काढतो.