बानाखत, साठेखत आणि सासूबाईंचा दस्तावेज

प्रश्न असा आहे. बडोद्यात वाघोडिया रोडला फ्लॅट घेतला जातोय. दलाल म्हणतो, "बानाखत करून टाका." पुण्याचे दीर फोनवर विचारतात, "साठेखत झालं, की नुसती इसारपावती?" आणि सासूबाई शेजारी सांगून आल्या की दस्तावेज झाला. तिघं एकाच कागदाबद्दल बोलतायत का?

दलाल आणि दीर, बहुतेक हो. सासूबाई नाही. पेढे जरा थांबवा.

बानाखतातला 'बाना' म्हणजे आपला बाणेदार बाणा नव्हे. तो बयाना. अरबी 'बै' म्हणजे विक्री, त्यावरून बयाना, म्हणजे सौदा पक्का करताना हातावर ठेवलेली रक्कम. हिंदीत शब्द आहे तसाच राहिला, गुजरातीत झिजून 'बानुं' झाला, मराठीत त्याच रकमेला इसार किंवा विसार म्हणतात. 'खत' म्हणजे लेख, तोही अरबीच. शेणखताशी त्याचं नातं नाही. तेव्हा फोड केली तर बानाखत म्हणजे इसारपत्र. पण बडोद्यात तो शब्द फोडीपेक्षा बराच मोठा झालाय. चार ओळींच्या पावतीलाही बानाखत म्हणतात आणि वीस पानांच्या नोंदवलेल्या करारालाही. दिरांनी साठेखत आणि इसारपावती वेगळी केली ते म्हणूनच बरोबर. इसारपावतीत पैसे मिळाल्याची कबुली आणि मुख्य बोली एवढंच असतं. साठेखतात मिळकतीचं वर्णन, किंमत, हप्ते, मुदत, कुणी मोडलं तर काय, हे सगळं येतं. दलालाला विचारा, यातलं कुठलं बानाखत?

साठेखताचा साठ्याशी संबंध नाही, साठे आडनावाशी तर नाहीच. मूळ शब्द 'साटे', म्हणजे देवघेव, सौदा. साटेलोट्यातलं साटं तेच. मला स्वतःला 'साटेखत' लिहायला आवडतं, पण वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीपर्यंत 'साठेखत' इतकं रुळलंय की आता त्यावर भांडण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे गुजरातीतही 'साटाखत' आहे. बानाखत पुढे केलेल्या पैशावरून ओळखलं जातं, साटाखत ठरलेल्या सौद्यावरून, कागद तोच.

आता सासूबाईंकडे. मराठीत दस्तऐवज म्हणजे कुठलाही महत्त्वाचा कागद. गुजरातेत मात्र "दस्तावेज थई गयो" म्हटलं की खरेदीखत झालं असाच अर्थ, आणि शंका नको म्हणून 'पाको दस्तावेज' असंही म्हणतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही शब्द याच अर्थाने फिरतो. त्यामुळे बानाखताला दस्तावेज म्हणणं ही नुसती बोलण्यातली ढिलाई राहत नाही, मालकीचाच घोळ होतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे की विक्रीच्या कराराने, म्हणजे बानाखताने किंवा साठेखताने, त्या मिळकतीत आपोआप कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणी केलेला विक्रीलेखच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. बानाखताने मिळतो तो दस्तावेज करून मागण्याचा हक्क. विकणारा फिरला तर करार पुरा करून घेण्यासाठी दावा लावता येतो. त्याची मुदत तीन वर्षं, आणि करारात तारीख ठरली असेल तर ती तारखेपासून मोजतात. बिल्डरकडून घेत असाल तर २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याने आणखी एक आधार आहे: लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. मग त्याने तिला टोकन म्हणो की बुकिंग.

कायद्याचे शब्द शेजारच्या भाषेशी ताडून बघायची बडोद्याला जुनी सवय आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये आठ भाषांचा शासनशब्दकोश निघाला होता. गुजराती मसुदा हातात आला की मराठी माणसाने तीच सवय लावावी, कारण ओळखीचे दिसणारे शब्दच फसवतात. नेहमीचं वाक्य साधारण असं असतं: "सदरहु मिलकतना अवेज पैकी अमुक रकम बाना पेटे चूकवेल छे." सदरहू, मिळकत, पैकी हे आपलेच. 'पेटे' म्हणजे आपलं 'पोटी', इसारापोटी. 'अवेज' म्हणजे मोबदला. आपला 'ऐवज' आणि 'च्या ऐवजी' त्याच अरबी शब्दावरून आलेत. दस्तऐवजातला 'ऐवज' मात्र निराळा, तो फारसी 'दस्त-आवेज'मधला. मराठीने दोघांना एकच टोपी घातली.

खरी मेख 'चूकवेल'ची. गुजरातीत चूकववुं म्हणजे पैसे देऊन टाकणं. "वेरो चूकव्यो" म्हणजे कर भरला. मराठीत कर चुकवला म्हटलं तर दारात नोटीस येईल. तेव्हा दिरांना मसुद्याचं मराठी करून पाठवाल तिथे 'रक्कम चुकवली' लिहू नका. 'चुकती केली' किंवा सरळ 'दिली' लिहा.

राहिला कबजा. 'कबजा सहितनुं बानाखत' आणि 'कबजा वगरनुं बानाखत' हे दोन वेगळे प्रकार आहेत. मराठीत 'ताब्यासह' आणि 'बिगरताबा' म्हणू. ताबा मिळाला असेल आणि तुम्ही तुमच्या बाजूची बोली पाळत असाल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचंच कलम ५३-अ तुमच्या ताब्याला संरक्षण देतं. पण २००१ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी तो करार नोंदवलेला लागतो. तुमच्या प्रश्नात किल्ल्या मिळाल्याचा उल्लेख नाही. मिळणार असतील तर मसुद्यात 'सहित' आहे की 'वगर', तेवढं सही करण्याआधी वकिलाकडून बघून घ्या, आणि 'सहित' असेल तर नोंदणीशिवाय उठू नका.