'मनापासून शिकवते, पण वर्गात काही घडतच नाही'

नव्याने रुजू झालेले शिक्षक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन साताऱ्याकडून धुळे जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आलेली शिक्षणसेविकाही हेच म्हणाली. (तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.) तिच्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग होता. रविवार दुपारपासूनच पोटात गोळा यायचा.

आधी झोप, जेवण, घरच्यांशी बोलणं याबद्दल विचारलं. ते सगळं ठीक होतं. तसं नसतं आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असती, तर ध्येयांचं बोलणं बाजूला ठेवून मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तुमचं तसं होत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

तिने डायरी उघडली. वर्षाची ध्येयं पानभर होती. मार्चअखेर सगळी मुलं निपुण. शंभर टक्के हजेरी. मुलांची लाडकी शिक्षिका होणं. सगळं तळमळीने लिहिलेलं होतं, पण त्यातलं एकही तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्ट आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाने देशासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठेवली. ते ओझं एका नवख्या बाईने एका वर्षात, एकटीने का उचलायचं? हजेरीचंही तसंच. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी जोरात असते, काही घरं ऊसतोडीला निघतात. अशा यादीवर रोज स्वतःला मोजलं, तर माणूस रोज नापास होतो.

मी तिला कालचा मराठीचा तास जसाच्या तसा सांगायला लावला. ती प्रश्न विचारायची, वर्ग गप्प, मग उत्तर तीच देऊन टाकायची. नाहीतर पुढची ठरावीक तीन मुलं बोलायची. मागची आपसात अहिराणीत कुजबुजायची, हसायची. "ताई, ती मलाच हसतात असं वाटतं," म्हणाली आणि रडू लागली. यादीमागचं खरं दुखणं हे होतं. चारशे-साडेचारशे किलोमीटरवरून आलेली मुलगी, मुलांची बोली कळत नाही, आणि हे कबूल करायची लाज.

ती सावरल्यावर विचारलं, "सोमवारी पहिल्या तासाला तुम्ही कोणती एक गोष्ट वेगळी कराल?"

एकच ठरवली. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीनपर्यंत मोजायचं, मगच कुणाचं नाव घ्यायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर गेला, की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. तिला हे फार किरकोळ वाटलं. मला मात्र असंच ध्येय आवडतं. संध्याकाळी 'केलं की नाही' एवढं स्वतःला खरं सांगता येतं.

मोजायचं कुणी? शाळेतले दुसरे गुरुजी वयाने मोठे. वीस मिनिटं मागे बसा आणि आज कोण कोण बोललं तेवढी नावं लिहा, अशी विनंती त्यांना करायची होती. अभिप्राय नको, फक्त नावं. हे विचारायला तिला सगळ्यात जास्त धीर लागला. त्यांनी आपला वर्गही तिच्या वर्गात बसवून ते केलं.

हे अंगवळणी पडल्यावर दुसरं ध्येय घेतलं: रोज तीन मुलांना जवळ बसवून वाचायला लावणं आणि कोण कुठे अडतं ते टिपणं. अक्षरावर, काना-वेलांटीवर, जोडाक्षरावर, की वाचता येतं पण अर्थ लागत नाही? 'याला वाचताच येत नाही' असा शिक्का बसलेला एक मुलगा फक्त जोडाक्षरांवर अडत होता. चौथीतल्या एका मुलीला मात्र निम्मी अक्षरंच ओळखता येत नव्हती. तिचं काम लांबचं आहे, ते अजून चालू आहे.

तिसरं तिनेच शोधलं. चित्र दाखवून "हाई काय शे?" असं विचारलं, तेव्हा मुलं आधी खूप हसली, मग तिचे उच्चार सुधारायला लागली. आता गोष्ट आधी अहिराणीत सांगतात, मग फळ्यावर प्रमाण मराठीत लिहितात. घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह २०२० च्या शैक्षणिक धोरणातही आहे. तिला तो पटला मागच्या बाकावरून हात वर झाले तेव्हा.

रविवारचा गोळा पूर्ण गेलेला नाही, अधूनमधून येतो. परवा फोनवर म्हणाली, "ताई, आता हातच्याची वजाबाकी घेते. पण आधी प्रत्येकाचं कुठे अडतं ते पाहते, मग ध्येय लिहिते."