रोलर कन्व्हेयरवर बॉक्स मधेच थांबवायला कुठला स्टॉपर लावायचा?

तुमची लाईन ग्रॅव्हिटीची (मोटर नाही, उतारावर खोके आपोआप सरकतात) आहे आणि 20-25 किलोचे खोके एकामागोमाग येतात असं लिहिलंय, मग नुसता शेवटी अँगल ठोकून भागणार नाही. दोन रोलरच्या गॅपमधून वर येणारा ब्लेड स्टॉपर घ्या, खाली छोटा न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा) सिलेंडर असतो. एक गोष्ट मात्र नक्की बघा, स्प्रिंगने वर आणि हवेने खाली असाच घ्या, म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला तरी ब्लेड वरच राहतं आणि माल सुटून पुढच्या माणसाच्या अंगावर जात नाही.

आता खरी अडचण पुढे आहे. ब्लेड खाली गेलं की मागची सगळी रांग एकदम ढकलत येते, त्यामुळे एकच खोका सोडायचा तर दोन स्टॉपर लागतात, पहिल्या खोक्यासमोर एक आणि दुसऱ्यासमोर एक, पुढचा उघडतो तेव्हा मागचा धरून ठेवतो, मग पुढचा बंद झाल्यावरच मागचा सोडायचा. खोक्यांची लांबी सारखी नसेल तर मागच्या जागी खालून येणारं ब्लेड नाही, बाजूने दाबणारा क्लॅम्प लावा, तो कुठेही धरतो.

उतार जास्त असेल तर स्टॉपरच्या आधी ब्रेक रोलर (खोक्याचा वेग कमी करणारा रोलर) टाका, नाहीतर धडकून पुठ्ठा चेपतो. जड पॅलेटला डॅम्परवाला (धक्का शोषणारा) स्टॉपरच हवा. आणि पुढेमागे बजेट झालं तर 24 व्होल्टचे मोटर रोलर (आतच मोटर असलेले) आणि प्रत्येक झोनला, म्हणजे लाईनच्या प्रत्येक तुकड्याला, सेन्सर लावा, त्यात खोके एकमेकांना टेकतच नाहीत.