गटात मी एकटीच पळते, बाकीच्या नुसत्या बसून असतात

प्रश्न: ताई, आमचा बचत गट 6 वर्षांचा आहे, 12 जणी आहोत, मी अध्यक्ष. उडदाचे पापड आणि शेवया करतो. पण बँकेत मीच जायचं, ऑर्डर मीच घ्यायची, हिशेबाची वही पण शेवटी मीच तपासायची. दुसरीला काम दिलं की चुका होतात, मग मी चिडते, आता दोघी बैठकीलाच येईनात. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या प्रदर्शनात 2 दिवस स्टॉल मिळालाय, तिथेही मलाच उभं राहावं लागणार. यांच्याकडून कामं करून घ्यायची तरी कशी? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: तुमची दमणूक अगदी कळतेय हो, कारण मी गटाची अध्यक्ष होते तेव्हा पहिली 3 वर्षं मीही हेच केलं. सगळं अंगावर घ्यायचं आणि वर चिडायचं. आमच्यात एक मावशी होत्या, सही म्हणजे अंगठा, बैठकीत कोपऱ्यात बसायच्या, मी त्यांना कधी काही विचारलंच नाही. एकदा पापडाचं पीठ कुटून झालं, मी म्हटलं चला लाट्या करा, तर मावशींनी एक गोळा उचलला, तेलाचा हात लावून दोन्ही हातांनी ताणला, तो मधेच तुटला, आणि हळूच म्हणाल्या, अजून कुटा, हे लाटताना चिरणार. कुटलं. पुढच्या वेळी गोळा दोरीसारखा लांबला आणि त्या दिवशीचा एक पापड कडेला चिरला नाही. मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून पीठ मावशी पास करतील तेव्हाच लाटायचं, मी म्हटलं तरी त्याआधी नाही. त्यानंतर मावशी बैठकीला सगळ्यात आधी यायला लागल्या आणि कर्जाच्या विषयावरही बोलायला लागल्या.

म्हणून सांगते, कामं करून घ्यायची कशी हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि कुणाला काय येतं ते बघा. कुणाचा हिशेब तोंडी पक्का असतो, कुणी उधारी न भांडता वसूल करते. आणि कौतुक करताना नुसतं छान छान म्हणू नका, त्याने कुणाला काही कळत नाही, नेमकं काय चांगलं केलं ते सांगा, चारचौघींत सांगा. चूक मात्र एकटीला गाठून. त्या दोघी येत नाहीत ना, त्यांच्या घरी जा, वर्गणीचा विषय काढू नका, त्यांची कामाची एखादी गोष्ट तुमच्या लक्षात असेल ती बोला. खरी असेल तरच हं, खोटं कौतुक बायकांना लगेच कळतं.

तुम्ही क्रिकेट बघता की नाही माहीत नाही, पण डिसेंबर 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला आपली टीम 36 वर ऑलआउट झाली, कप्तान कोहली घरी परतला, आणि आपल्या संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेने नवख्या पोरांना घेऊन ती सीरिज 2-1 ने जिंकली. जानेवारीत ब्रिस्बेनला ट्रॉफी हातात आली तर त्याने ती नटराजनकडे दिली, जो दौऱ्यावर नेट बोलर म्हणून गेला होता. मला तो फोटो अजून आठवतो.

चुका होतील, वहीत बेरीज चुकेल. पण गटाच्या पाच नियमांतलं, म्हणजे पंचसूत्रीतलं, लेखे लिहिणं एकीनेच करायचं असं कुठे लिहिलंय, सचिवांच्या शेजारी दुसरी एक बसवा, महिन्याभरात तिचा हात बसेल, तोवर तुम्ही फक्त शेवटची बेरीज बघा, आणि चुकली असेल तर तिलाच शोधू द्या.

आता स्टॉल. तुम्ही जाऊ नका. आठवडी बाजारात जिचा आवाज लांबून ऐकू येतो अशी एक तुमच्या 12 जणींत असणारच, तिला पाठवा, सोबत हिशेबाला एक द्या. भाव आदल्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवा, किती सूट द्यायची ते तिच्यावर सोडा. आणि त्या 2 दिवसांत तिला फोन करून किती विकलं ते विचारू नका, ती परत आली की सगळ्यांसमोर तिलाच सांगू द्या.