पंचाण्णव डॉलरची पैठणी

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं. वय ४७. सहा वर्षांपासून येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घेऊन त्या न्यू जर्सीतल्या मराठी बायकांना विकतात. वर्षाला साधारण ६५ साड्या, सरासरी भाव २० हजार. साडी १५ हजाराला पडते, कुरिअरचे २ हजार. २०२५ च्या ऑगस्टपर्यंत पार्सलं बिनबोभाट जात होती, त्यानंतर एका साडीमागे १० हजार शुल्क पडू लागलं. कुरिअरवाला सांगतो, ‘गिफ्ट लिहा, कॉटन ड्रेस मटेरियल, किंमत ९५ डॉलर. सगळे तेच करतात.’ ताई विचारतात : ‘असं केलं तर वर्षाला साडेसहा लाख वाचतील. त्यातले दोन लाख पॉलिसीच्या हप्त्याला लागतील. उरलेल्या साडेचार लाखांची एसआयपी कुठे लावू?’ आणि अगदी शेवटी, जाता जाता : ‘गिऱ्हाइकांचे पैसे माझ्या भाच्याच्या तिकडच्या खात्यावर येतात. तो एच-१बी वर आहे. मला लागतील तसे घरखर्च म्हणून पाठवतो. सध्या त्याच्याकडे ९ हजार डॉलर आहेत, ते लेकीच्या एमएससाठी तिथेच ठेवलेत.’

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘पार्सलवर असं खोटं लिहू नका’, एवढंच आहे. त्याची कारणं आधी उरकून घेऊ, कारण मला तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे जायचं आहे.

अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलवर शुल्क नव्हतं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. दोनच दिवस आधी भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं. आपल्या पोस्टाने २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं ते शुल्क पाठवणाऱ्याकडून आधीच वसूल करून. तुमचे १० हजार ते हेच. शिल्लक राहिली ती १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूची सूट. तुमच्या कुरिअरवाल्याचा ९५ चा आकडा तिथून आलाय, हुशारी काही नाही.

पण भेट म्हणजे कुणी कुणाला प्रेमाने, पैसे न घेता पाठवलेली वस्तू. तुमच्या इन्स्टाग्राम पानावर साडीचा फोटो आहे, खाली किंमत आहे आणि त्याखाली ‘यूएसए शिपिंग’ लिहिलंय. महिन्याला पाच वेगवेगळ्या बायकांना एकाच पत्त्यावरून भेटी जातात, आणि प्रत्येक भेट ९५ डॉलरची. पाकीट उघडलं की आत रेशीम आणि जर. सुती कापड म्हणून ते कोण मान्य करेल? तिकडच्या कायद्याने माल मागवणारी व्यक्ती उत्तर द्यायला बांधील, म्हणजे नोटीस गेली तर न्यू जर्सीत एडिसनमधल्या तुमच्या गिऱ्हाइकाला. इकडे खोट्या घोषणेला सीमाशुल्क कायद्याच्या ११४एए कलमाखाली मालाच्या किमतीच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई कागदावरच्या किमतीची. विणकराला १५ हजार मोजलेत, हातात येतील आठ-साडेआठ हजार, तेही आले तर.

कुरिअरवाल्याला विचारा, माझं पार्सल सीएसबी-४ मध्ये टाकता की सीएसबी-५ मध्ये? चार नंबरचा फॉर्म भेटी आणि नमुन्यांचा, पाच नंबरचा विक्रीच्या मालाचा. पाचला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक लागतो. तो एकदा काढायचा, फी ५०० रुपये, घरबसल्या होतो. सहा वर्षांत तुम्ही तो काढलेला दिसत नाही, म्हणजे पार्सलं आधीपासूनच भेट म्हणून जात असणार. फरक इतकाच की तेव्हा कुणाला पडताळून पाहायची गरज वाटत नव्हती.

आता तुमचे साडेसहा लाख. ६५ गुणिले १० हजार, गुणाकार बरोबर आहे. पण हे पैसे वाचणार कुठून? जुलैमध्ये शुल्क शून्य होतं, तेव्हा दर वर्षी साडेसहा लाख शिल्लक पडत होते का? कालपर्यंत जे भरतच नव्हता ते आज चुकवलं म्हणून घरात नवा रुपया येत नाही. चुकवून तुम्ही फार तर जुलैत होतात तिथे परत जाल. मग जुलैत कुठे होतात ते पाहू. विक्री १३ लाख. साड्यांचे पावणेदहा, कुरिअरचे एक लाख तीस हजार, फॉल-बिडिंग, खोकी, येवल्याच्या फेऱ्या, एखादी परत आलेली साडी मिळून चाळीस-पन्नास हजार धरा. उरतात दीड लाख. पत्रात हा आकडा कुठेच नाही. तुम्ही १३ लाखांच्या आनंदात आहात, आणि तुमच्या विमा एजंटानेही तोच १३ लाखांचा आकडा धरून पॉलिसी बसवली.

दीड लाख कमावणाऱ्या बाईला वर्षाला दोन लाखांचा हप्ता! दोन हप्ते गेले ते यजमानांची एफडी मोडून, हे तुम्हीच लिहिलंय. दहा वर्षं दोन-दोन लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ४३ लाख मिळणार, ‘दुपटीहून जास्त, तेही गॅरंटीड’. दुप्पट हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. याचा वार्षिक परतावा पाच टक्के पडतो. त्याऐवजी पीपीएफमध्ये दोन नव्हे, दीडच लाख दहा वर्षं टाकले, नंतर खातं चालू राहण्यापुरते वर्षाला ५०० रुपये भरत विसाव्या वर्षापर्यंत पैसे पडू दिले, तर सध्याच्या ७.१ टक्के दराने ४४ लाख होतात. म्हणजे पन्नास हजार कमी भरून लाखभर जास्त. पुढे दर खाली येऊ शकतो, पण त्यासाठी आत्ताच पाच टक्क्यांत वीस वर्षं अडकून बसायचं कारण नाही. फेब्रुवारीचा तिसरा हप्ता भरू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली, म्हणजे मोडली तर किती, आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर विसाव्या वर्षी किती. सरेंडरचे भरलेल्या चार लाखांतले लाख-सव्वा लाख येतील, बाकीचे बुडाले. एजंट म्हणेल, ‘आत्ता सोडलीत तर नुकसान.’ नुकसान सही केली त्या दिवशीच झालंय.

आणि हे सगळं सोपं. अवघड आहे तो भाचा.

तुम्ही भारतातून माल विकता, त्याचे पैसे भारतात, बँकेमार्फत, निर्यातीची रक्कम म्हणूनच यायला हवेत. फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, हा साधा नियम आहे. त्याला मुदत असते. आधी नऊ महिने होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये पंधरा झाली. भाच्याच्या खात्यावर पडलेले डॉलर या हिशोबात आलेलेच नाहीत. ते तिथे ‘ठेवलेत’ असं तुम्ही लिहिता, जणू लॉकरमध्ये आहेत. ९ हजार डॉलर म्हणजे आजच्या भावाने आठ लाखांच्या आसपास. तुमचा सहा वर्षांचा जवळजवळ सगळा नफा दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्या देशात पडून आहे. भाचा सज्जन असेल, पण त्याचं लग्न, घर, नोकरी जाणं, काहीही होऊ शकतं. शिवाय त्याच्या बाजूनेही बघा. व्हिसावर नोकरी करणाऱ्या मुलाच्या खात्यात दर महिन्याला अनोळखी बायकांकडून साडीचे पैसे येतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो त्याचा जोडधंदा वाटेल, आणि एच-१बी वर जोडधंदा करता येत नाही. तुम्ही त्याला पैसे सांभाळायला दिलेत असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात जोखीम सांभाळायला दिलीत.

आता तो जे वर्षाला साडेअकरा लाख ‘घरखर्च’ म्हणून पाठवतो, त्याचं काय? तुम्ही लिहिता, ‘घरातलेच पैसे, म्हणून रिटर्न भरत नाही.’ आयकर कायद्यात नातेवाइकांची यादी ठरलेली आहे आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी नाही. आत्याने भाच्याला पैसे दिले तर भाच्याला कर नाही. भाच्याने आत्याला दिले तर आत्याच्या दृष्टीने भाचा त्या यादीतच नाही! वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की सगळी रक्कम तुमचं उत्पन्न. २०२४-२५ चे साडेअकरा लाख कुणी तसे धरले, तर नव्या करप्रणालीत ७५ ते ८० हजार कर निघतो, व्याज-दंड वेगळा.

आणि हेच पैसे विक्रीचे म्हणून सरळ दाखवले असते तर? नफा दीड लाख. कर शून्य. एकाही वर्षी तुम्ही कराच्या मर्यादेच्या जवळपासही गेला नाहीत. तीस वर्षं लोकांचे हिशोब पाहतोय, कर चुकवणारे पुष्कळ पाहिले. जिथे करच नव्हता तिथे लपवाछपवी करून स्वतःवर कर ओढवून घेणारे मात्र थोडेच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी भाच्याला फोन, या महिन्यापासून एकही डॉलर घेऊ नकोस म्हणून. त्याने तिकडच्या वकिलाशी बोलून घ्यावं, ती फी तुम्ही द्या. मग आयईसी आणि धंद्याच्या नावाने चालू खातं. गिऱ्हाइकांचे पैसे थेट त्या खात्यावर मागवा, बँक किंवा पेमेंट कंपनी प्रत्येक रकमेचा दाखला देईल, तो जपून ठेवा. जीएसटीत निर्यातीवर कर पडत नाही, पण नोंदणी आणि एलयूटीचं (कर न भरता निर्यात करण्याच्या हमीपत्राचं) काय करायचं ते सीएंकडून समजून घ्या. सीए मात्र फेमाचं काम करणारा शोधा, नुसता रिटर्न भरणारा नको. जुन्या वर्षांचं रिझर्व्ह बँकेपुढे कंपाउंडिंग करायचं, म्हणजे चूक कबूल करून रक्कम भरून प्रकरण मिटवायचं, की काय, हे तो कागद पाहून ठरवेल. त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका : विणकरांच्या पावत्या, कुरिअरच्या पावत्या, व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी, वर्षवार लावून न्या. विणकराला रोख दिले असतील आणि पावती नसेल, तर येवल्याला जाऊन त्याच्या वहीवरून यादी करून आणा. त्यांच्या वह्या आपल्यापेक्षा नीट असतात.

लेकीच्या एमएसची काळजी मला कळते. पण त्यासाठी डॉलर तिकडे दडवून ठेवायची गरजच नाही. बँकेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रीतसर पाठवता येतात. तुमच्याकडे त्याच्या एक दशांशही नाहीत. शैक्षणिक कर्जाला मात्र बँक सहकर्जदाराचे रिटर्न मागेल, आणि आज तुमच्याकडे एकही नाही. या वर्षापासून भरा, कर शून्य असला तरी.

धंद्याचं काय? २०२५ च्या ५० टक्के शुल्काने २० हजारांची साडी ३० हजारांना पडत होती; अशा भावात निम्म्या बायका घेणार नाहीत, हे गृहीत धरा. किंमत खाली लिहून ही गिऱ्हाइकं टिकणार नाहीत, एक पार्सल अडकलं की न्यू जर्सीच्या मंडळाच्या ग्रुपवर ते सगळ्यांना कळेल. पण याच बायका उन्हाळ्यात आणि डिसेंबरात नाशिक-पुण्याला येतात. तिकडे परत जाणाऱ्या रहिवाशाला ८०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर सूट असते, त्यात तीन पैठण्या बसतात. इथे विका, इथलं बिल द्या, त्यांना बॅगेतून नेऊ द्या. २ हजार कुरिअरचेही वाचतील, आणि हे वाचणं खरं. ऑस्ट्रेलियात १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या पार्सलवर सीमाशुल्क नाही, मेलबर्न-सिडनीला मराठी माणूस कमी नाही. दहा साड्या पाठवून बघा. मोठा साठा मात्र करू नका, १५ हजारांची एक पैठणी कपाटात पडली की सहा-सात साड्यांचा नफा तिच्यात अडकतो.

एसआयपी : यंदा नको. आधी ते आठ लाख घरी येऊ देत, सीएची फी, जो काही दंड असेल तो जाऊ दे. मग उरेल त्यावर बोलू. पॉलिसीचे ते दोन लेखी आकडे आले की मला पाठवा, पण फेब्रुवारीच्या आधी.