डाएट संपल्यावरची भूक

दहा-बारा दिवसांचं डाएट संपलं की भूक खवळते, त्यात तुमचा निर्धार कमी पडला असं नाही. खाणं घटलं की लेप्टिन, म्हणजे भूक आवरणारं चरबीतलं हार्मोन, काही दिवसांतच घसरतं, चरबी उतरते त्या मानाने कितीतरी जास्त. मुळात बारीक असाल तर अधिकच जपा: चरबीचा साठा कमी, म्हणून स्नायूही झिजतात आणि भूक जास्त रेटते. अमेरिकेतल्या १९४४-४५ च्या मिनेसोटा प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवलं होतं. बंधन उठल्यावर त्यातले काही जण तडस लागेपर्यंत जेवूनही भुकेलेच राहत. वजन जास्त असलं तरी सुटका नाही, घटलेल्या किलोमागे भूक रोज साधारण १०० कॅलरींनी वाढते.

म्हणून एकदम जुन्या ताटावर येऊ नका. पहिल्या आठवड्यात एकच भाकरी वाढवा. भाताआधी वाटीभर मटकीची उसळ आणि दही खाऊन घ्या. वजन सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर करा आणि आठवड्याची सरासरी बघा. दोन-तीन दिवसांत किलोभर वाढलं तर घाबरून पुन्हा उपास मुळीच धरू नका. ते बहुतेक पाणीच असतं, कारण ग्रॅमभर ग्लायकोजेनसोबत (स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर) सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. इन्सुलिन चालू असेल तर ताट बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.